घरातली जवारी

साखर तपासावी तशी मिरजेत आता आठवण तपासली जात होती. बोटातल्या रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवला, की मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाची चाहूल कितीतरी वर्षं आधी लागे. तंबोरे बनवणारे बाबालालचाचा मात्र पट्टीला हात लावायला तयार नव्हते. म्हातारपणी चष्मा हरवायचाच, त्यात रक्त कशाला काढायचं, असं त्यांचं म्हणणं.

मग एके दिवशी त्यांनी एका तंबोऱ्याची जवारी काढली, जेवून आले आणि त्याचीच पुन्हा काढायला बसले. तारांखालची घोडी कानशीने अशी घासायची, की तार नुसती वाजू नये, गुंजावी, हीच जवारी. पण घासलेलं परत येत नाही. तंबोऱ्याचा आवाज पार बसला. त्यांच्या लेकीला, शाहीनला, रडूच फुटलं. ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

पट्टी जांभळी झाली. डॉक्टर आवटीबाईंनी चाचांच्या डोक्यावर टोपीसारखं प्रतिमायंत्र ठेवलं आणि कानाशी तंबोऱ्याचा सूर लावला. पडद्यावर मेंदू हळूहळू उमटला. नावं, दिवस, रस्ते जपणाऱ्या भागावर धुकं उतरलं होतं. सुरांच्या भागात मात्र दिवेलागण झाली होती.

"औषधाने धुकं हळू पसरेल, चाचा. जाणार नाही."

"लेकीला विसरेन काय मी?"

"कदाचित. सूर बहुधा सगळ्यात शेवटी जाईल."

गाणाऱ्याचा गळा ऐकून जवारी बेतायची, ही चाचांची रीत. घरी येताच त्यांनी नवा तंबोरा पुढ्यात घेतला.

"शाहीन, बोल की काहीतरी."

"मला कुठं गाता येतंय, अब्बा?"

"गाऊ नकोस. जेवायला हाक मारतीस, तशी मार."

ती हाका मारत राहिली, ते घासत राहिले. इतकं भीत भीत घासताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी कानस तिच्या हातात दिली. "लपवून ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

वर्षं सरली. एका दुपारी चाचांनी तिला अदबीने विचारलं, "बाई, आपण कुणाकडं आलाय?"

शाहीनला फार एकटं वाटलं. तिने तो तंबोरा घेतला आणि तारा छेडल्या. खोली गुंजारवाने भरून गेली. चाचांनी डोळे मिटले.

"हा विकायचा नाही," ते म्हणाले. "घरातला आहे. थांबा, आता जेवायला हाक येईल."

"अब्बा, जेवायला चला."

ते हसले आणि तिचा हात धरून उठले. त्यांनी कुणाला ओळखलं, तिला की सुराला? आणि तो सूर तिचाच नव्हता का?