तिसऱ्या चौकटीतली भागाबाई

भुतं फक्त रात्रीच असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझा चुलतभाऊ जितेंद्र, त्याच्या घरात घडलेली आहे. नागपुरात, खामल्याला. गेल्या उन्हाळ्यात, नवतप्यातल्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांतल्या, भर दुपारी. सोसलं ते त्याच्या बायकोनं, कामिनीनं. तिनं मला जसं सांगितलं, तसंच सांगतो.

जितेंद्रचे वडील रुपरावकाका व्यंगचित्रकार. इथल्या एका दैनिकात त्यांची चित्रमालिका रोज यायची, ‘नत्थूजीचं घर’. तीन चौकटी. पहिलीत नत्थूजी फुशारकी मारणार, दुसरीत तोंडावर आपटणार, आणि तिसरीत त्याची बायको भागाबाई एकाच वाक्यात त्याची हवा काढणार. लोक पेपर मागच्या पानापासून उघडायचे, ते तिच्यासाठी.

भागाबाई म्हणजे आमच्या भागीरथाकाकूच, जितेंद्रची आई. हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

कामिनी शाळेत चित्रकला शिकवते. माहेरी भंडाऱ्याला असताना ती खिडकीच्या काचेवर पेपर धरून भागाबाई गिरवायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला नवऱ्यापेक्षा सासऱ्याचंच अप्रूप जास्त! अंबाड्यापासून टाचेपर्यंत भागाबाईची पाठ काका ब्रशच्या एका फटकाऱ्यात काढायचे. हात मधे उचलायचा नाही. त्या एका रेषेत बाईचा ठसका यायचा, दिवसभराचा थकवाही यायचा. मागे ना भिंत, ना खिडकी. तरी घर दिसायचं.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची खोली बंदच होती. त्यांच्या मूळ चित्रांचं प्रदर्शन भरवायचं, असं कामिनीनं मनावर घेतलं होतं.

त्या दुपारी लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. घर एकदम चिडीचूप.

आणि मग...

कुर्र... कुर्र... कुर्र...

कागदावर टाक ओढल्याचा आवाज.

काकांच्या बंद खोलीतून.

उंदीर असेल, असं म्हणत कामिनीनं कडी काढली. आत कोणी नव्हतं. टेबलावरच्या बाटलीतली शाई केव्हाच सुकून तिच्या तळाशी खपल्या झाल्या होत्या.

तरी खोलीभर ताज्या शाईचा वास होता...

तिनं कपाटातून चित्रांचा गठ्ठा काढला. वरचंच चित्र पाहिलं. पहिली चौकट ठीक. दुसरी ठीक. तिसरीत भागाबाईच्या बोलण्याचा फुगा होता. फुग्याचं टोक खाली वळलेलं होतं.

खाली... कोणीच नव्हतं.

खरवडलेलं नाही, पांढरा रंग फासलेला नाही. कागद कोराकरकरीत. दुसऱ्या चित्रात तेच. तिसऱ्यातही तेच. नत्थूजी बापडा रिकाम्या जागेपुढे मान खाली घालून उभा.

संध्याकाळी जितेंद्र म्हणाला, “उन्हानं शाई उडाली असन.”

“फक्त आईचीच?”

तो कूलरमध्ये पाणी भरायला निघून गेला.

कामठीला चंद्रभान म्हणून एक म्हातारे यंत्रमागवाले राहतात. काकांची छापून आलेली सगळी कात्रणं त्यांनी पेटीत जपून ठेवलीत. कामिनीनं त्यांना फोन लावला. काही न सांगता एवढंच म्हणाली, “काका, कोणतंही एक कात्रण काढून तिसऱ्या चौकटीत पाहा.”

पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग कागदांची सळसळ.

“ताई... भागाबाई कुठी गेली जी?”

त्या दिवशी काकूंनी जेवणाचं ताट तसंच सरकवलं.

“आई, काहून जेवत नाही?”

काकू खोलीच्या दिशेनं कान देऊन बसल्या होत्या. हसल्या. “मले काढून राहिले वं ते.”

“काढून... म्हणजे? चित्र काढून?”

“आता चित्र काढून राहिले, का घरातून काढून राहिले, ते मलेबी नाही समजत.”

दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना. धंतोलीला दवाखान्यात नेलं. रक्त, हृदय, मेंदू, सगळं तपासलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. पण काकू वयानं थकत नव्हत्या. त्या फिक्या होत चालल्या होत्या. आवाज तर इतका पातळ झाला की कान तोंडाशी न्यावा लागे.

जितेंद्रनं घरी येऊन टाक, ब्रश, बाटल्या, सगळं फेकून दिलं. टेबल कबाड्याला देऊन टाकलं. खोलीत फरशीशिवाय काही ठेवलं नाही.

दुपारी त्या रिकाम्या खोलीतून...

कुर्र... कुर्र...

मग कामिनीनं ते केलं, जे तिला एकटीलाच येत होतं. बाजारातून काळी शाई आणली. फरशीवर बसली. एक चित्र पुढ्यात ओढलं आणि तिसऱ्या चौकटीतल्या कोऱ्या जागी ब्रश टेकवला.

अंबाडा. मान. पाठ. एकाच फटकाऱ्यात टाचेपर्यंत! हुबेहूब काकांची रेष. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आली आई, परत आली.

आणि तिच्या डोळ्यांदेखत ती रेष टाचेकडून वर सरकायला लागली. कोणी रिळावर दोरा गुंडाळावा तशी.

टाच गेली. पाठ गेली. अंबाडा गेला.

फोन वाजला. दवाखान्यातून जितेंद्र होता. “कामिनी, आईचे पाय एकदम थंडे पडले वं... कमरेपर्यंत गार लागून राहिली ती...”

कामिनीच्या हातून ब्रश गळून पडला. काही न करावं तर आई चालली होती. करावं, तर आणखी लवकर चालली होती.

ती धावतच धंतोलीला गेली. काकूंचा हात हातात घेऊन बसली, दुसरं करणार तरी काय? जरा वेळानं काकूंनी डोळे उघडले.

“रडू नको वं माय. झालंच आता. चेहरा तेवढा काढाचा राह्यला त्यायचा.”

“आई, बाबाजींना थांबायला सांगा ना... तुमचं ऐकतील ते.”

काकूंचे ओठ हलले. कामिनीनं कान जवळ नेला.

शब्द नव्हता. नुसता वारा.

तेवढ्या वाऱ्यातच काकू गेल्या.

प्रदर्शन झालं नाही. चित्रं आजही तशीच आहेत. मी स्वतः हातात घेऊन पाहिलीत. खोलीतला टाकाचा आवाज मात्र त्या दिवसापासून बंद आहे.

तेरवीच्या दिवशी पाहुणे पांगले. कामिनी माझ्याजवळ येऊन बसली. काकूंच्या हार घातलेल्या फोटोकडे तिनं पाठ केली होती.

“भाऊजी, डोळे मिटा. आता सांगा, आईचा चेहरा कसा होता?”

हे काय विचारणं झालं? ज्या बाईच्या हातचं खाऊन मी लहानाचा मोठा झालो! मी डोळे मिटले.

अंबाडा दिसला. हिरव्या बांगड्या दिसल्या. ‘ये रे बाबू, जेवून जा’ हा आवाजसुद्धा ऐकू आला.

आवाजाच्या वर, पदराच्या आत...

कोरं.

घाईघाईनं डोळे उघडून फोटो पाहिला. काकूच होत्या, ओळखीच्या. पुन्हा मिटले, तर पुन्हा काही नाही.

“तुम्हालेबी नाही ना?” कामिनी हळूच म्हणाली.

मी खोटं बोललो. दिसला म्हणालो.

आजही दुपारी लाइट गेली, घर शांत झालं, की मी डोळे मिटून बघतो...