अठरा थाऊ

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी लोरीन हट्सेल गस रिटरच्या वर्कशॉपमध्ये शिरली ती भांडायच्या तयारीनंच. इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या मैदानापासून चार गल्ल्या पश्चिमेला ते वर्कशॉप होतं. विटांच्या भिंती, उत्तरेला उंच खिडक्या आणि सिमेंटमध्ये चाळीस वर्षं मुरलेला, रेसिंग इंजिनांत घालतात त्या एरंडेलाचा वास. मधोमध लोखंडी घोडीवर एक इंजिन बसवलेलं होतं. खालचा ब्लॉक जुन्या फोर्डचा, अशा ब्लॉकला कुत्रं विचारत नाही. वरचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण, मात्र जगात एकच उरलं होतं. दर सिलिंडरला चार, असे सोळा व्हॉल्व्ह, तेही १९३१ साली, जेव्हा बाकीचे आठांवर खूश होते. तीन हेडं ओतली गेली. एक ओहायोत तडकलं, एक युद्धात भंगारात गेलं आणि तिसरं हे.

हेडवर ठसठशीत अक्षरं ओतलेली होती: ब्रेडन. शेजारी स्टुलावर क्लेटन ब्रेडन बसला होता, इस्त्रीच्या पँटमध्ये. गॅरेजमध्ये इस्त्री करून येणारा माणूस कामाला आलेला नसतो, फोटोला आलेला असतो, हे लोरीनचं जुनं निरीक्षण. त्याच्या मांडीवर जुन्या रेसिंग गाड्यांच्या क्लबाचा फॉर्म होता. 'रचनाकार' या रकान्यात त्यानं आजोबांचं नाव लिहून टाकलं होतं. तीन वाजता क्लबाचा माणूस फॉर्म न्यायला येणार होता. एकदा नाव नोंदवहीत चढलं की पुढची शंभर वर्षं कुणी विचारणार नव्हतं.

"तुझ्या आजोबानं लोखंडाचे पैसे दिले, पोरा," लोरीन कोट काढता काढता म्हणाली. "स्वतःच्या पेन्सिलीला टोकसुद्धा केलं नाही कधी. हे हेड माझ्या वडिलांचं. ड्यूई हट्सेलचं."

"लोरीनबाई, वर नाव कुणाचं ओतलंय ते वाचा की."

"दुधाच्या बाटलीवर डेअरीचं नाव असतं. म्हणून काय मालक दूध देतो?"

गस कॉफीच्या कपात फिसकन हसला. क्लेटन हसला नाही.

"भांडण मागाहून," गस म्हणाला. "लोरीन, तुला बोलावलं ते टॅपेटसाठी. तीन दिवस झाले, एक्झॉस्टचा सहावा व्हॉल्व्ह माप धरत नाही. मी चौदा थाऊवर सेट करतो. घटकाभरानं बघावं तर अठरा."

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टॅपेट लावायचं म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावर तेवढी फट ठेवायची, त्या जाडीचं पोलादी पातं घालून ती मोजायची आणि ती हलू नये म्हणून चेकनट आवळायचा. लोरीननं चौतीस वर्षं हेच काम केलं होतं.

"चेकनट ढिला असेल. म्हातारा झालास."

"तूच बघ मग."

तिनं ॲप्रन चढवला आणि बघितलं. आधी पातंच मायक्रोमीटरनं मोजलं, कारण तिचा कुणावर विश्वास नसे, पात्यावरसुद्धा. पातं बरोबर होतं. तिनं फट चौदावर आणली, नट आवळला आणि नटावरून स्क्रूपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. नट केसभर फिरला तरी रेघ तुटणार होती. मग तिघं तिथेच बसून कॉफी प्यायले. इंजिनाजवळ कुणी फिरकलं नाही.

तिनं पुन्हा मोजलं. अठरा. रेघ अखंड होती.

लोरीनच्या अंगावर काटा आला, तो रेघेमुळे नव्हे, आकड्यामुळे. तिच्या घरी हा सहावा नेहमी अठरावरच ठेवत. तिथं थंड करणारं पाणी नीट पोचत नाही, व्हॉल्व्ह तापून वाढतो, त्याला जागा लागते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. गसला तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"पुस्तकात चौदा आहे," क्लेटन उठला. "चौदावर करा आणि चालू करा. उद्या दुपारी मैदानावर फेरी आहे माझी."

"चौदावर चालवशील तर व्हॉल्व्ह जळेल, हेड तडकेल. मग काय, आजोबांचं नाव घेऊन पळशील मैदानावर?"

"मग किती ठेवायचं ते सांगा ना!"

"खोड आधी ते नाव."

त्यानं नाव खोडलं नाही. गसनं चौदावर आणून इंजिन चालू केलं. ते चाळीस सेकंद चाललं. तिसऱ्या सिलिंडरच्या नळीतून निळी ज्वाळा बाहेर आली, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. गसनं झेप घेऊन इंजिन बंद केलं. हेड निवायला दीड तास लागला. तेवढ्यात कोपऱ्यावरून सँडविचं आली, पावाबाहेर वीतभर लोंबणारं तळलेलं डुकराचं मांस. ती तशीच निवली.

निवल्यावर मोजलं. अठरा.

उद्याची फेरी चुकू नये म्हणून क्लेटननं पेन काढलं. आजोबांच्या नावावर रेघ मारून वर लिहिलं: ड्यूई हट्सेल.

"झालं समाधान?"

लोरीनला वाटलं होतं, छाती भरून येईल. तिनं खात्रीसाठी अठराचं पातं उचललं आणि सहाव्यात घालून बघितलं. गेलं नाही. चौदाचं गेलं नाही, दोनचंही नाही. तिनं पहिला बघितला, दुसरा, नववा.

सोळाच्या सोळा फटी बंद होत्या.

"आत्ताच तर उघड्या होत्या," गस हळूच म्हणाला. कपाटाकडे गेला आणि तिथेच उभा राहिला, इंजिनाकडे पाठ करून.

"आता काय हवंय या इंजिनाला?" क्लेटन चिडला होता, पण आवाज खाली आला होता. "तुमच्या वडिलांचं नाव लिहिलं ना मी!"

 लोरीनला लहानपणच्या स्वयंपाकघरातलं टेबल दिसत होतं. कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणि ती बटाटे सोलायच्या चाकूनं कोरणारी आई. साबणात एक पोकळी, पोकळीत व्हॉल्व्हचे चार गोल. "हवा अशी वळून आली पाहिजे, ड्यूई." वडिलांनी तो साबण बघून लाकडाचा साचा केला. साचा त्यांचा, म्हणून हेड त्यांचं. ओतकामाच्या फाउंड्रीतली माणसं असंच धरतात. टॅपेट आईच लावायची, पातं हलकेच दोनदा ओढून बघत. सहाव्याला अठरा, हे तिचंच. चर्चच्या जेवणावळीत वडील वीस वर्षं 'माझं हेड' म्हणून गोष्ट रंगवत राहिले, आणि आई पर्सिमनच्या फळांचं पुडिंग वाढत राहिली, खाली मान घालून. पुढे तीच गोष्ट लोरीन सांगू लागली. तिला माहीत होतं. सगळं माहीत असून.

सकाळपासून ती या पोराला चोर ठरवत होती.

"दे इकडे," ती म्हणाली.

तिनं फॉर्म ओढून घेतला. वडिलांच्या नावावर रेघ मारली. जागा उरली नव्हती, म्हणून समासात आडवं आईचं नाव लिहिलं: ऑर्फा हट्सेल.

"ही कोण?" क्लेटननं विचारलं.

"जिनं केलं ती."

अठराचं पातं घेऊन ती सहाव्यापाशी वाकली. पातं अलगद आत शिरलं. माप बरोबर आहे की नाही हे आकड्यावर कळत नाही, पातं ओढताना हाताला जो हलका अटकाव लागतो त्यावर कळतं. तो लागला.

मग पातं पलीकडून ओढलं गेलं.

हलकेच. दोनदा.

पलीकडे कुणी नव्हतं, नुसती विटांची भिंत होती.

लोरीननं बोटं सोडली आणि एक पाऊल मागे सरकली. क्लेटनचा चेहरा पांढरा पडला होता. सोडलेलं पातं फटीत आपोआप मागेपुढे सरकत होतं, पोलाद तेलावरून घासल्याचा बारीक आवाज येत होता, संथ, एका लयीत.

"बसलं का माप?" कपाटापासून गसनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"अजून चाललंय," लोरीन म्हणाली.

तिचे दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात होते.