ब्रेकची हट्टी स्प्रिंग

दोनशे किलोचा दगड सहज उचलणाऱ्या हातांना एक बोटभर स्प्रिंग का जुमानत नाही? मंगळावरच्या कार्यशाळेत त्या दुपारी शाल्मलीला हाच प्रश्न पडला होता.

ठोंब्या नावाच्या यंत्रमानवाने स्प्रिंग पकडीत धरून ओढली. टण्‌! पकड सुटली. स्प्रिंग वर उडाली आणि खिडकीतल्या तांबूस उजेडात गिरक्या घेत खाली येऊ लागली. मंगळाचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली खेचणारी ओढ) पृथ्वीच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे इथे सगळं स्वप्नात पडल्यासारखं सावकाश पडतं. शाल्मलीने ती अलगद झेलली.

"माफ करा, वैजूताई. आणखी जोर लावू?" ठोंब्याने विचारलं.

"नको रे बाबा! वाकडी झाली तर संपलंच. एवढी एकच उरलीय," वैजूआत्या खरचटलेलं बोट चोखत म्हणाली.

आत्या वस्तीची यंत्रशास्त्रज्ञ होती. तिच्यापुढे बर्फगाडीचं उघडं चाक होतं. वस्तीत ही एकच गाडी. शाल्मलीचे बाबा आणि त्यांचे दोन सोबती कड्यावरच्या बर्फखाणीत होते आणि उद्या सकाळी धुळीचं वादळ येणार होतं. त्याआधी गाडीने त्यांना खाली आणायला हवं होतं. पण ब्रेक नसलेली गाडी त्या उतारावर सोडायची कशी?

"आत्या, हा ब्रेक चालतो तरी कसा?"

"हा गोल डबा बघ. हा ड्रम, चाकाबरोबर फिरणारा. आत चंद्रकोरीसारखे दोन तुकडे बसतात, त्यांना शू म्हणतात. ब्रेक दाबला की ते बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. त्या घर्षणाने (घासताना होणाऱ्या विरोधाने) चाकाची गती उष्णतेत बदलते. चाक थांबतं."

"मग स्प्रिंग कशाला?"

"ब्रेक सोडल्यावर शू मागे ओढायला. ती ढिली असली तर शू घासतच राहतील, चाक तापेल. म्हणून ती अशी ताठ! सगळं डब्यात बंद असल्यामुळे धूळ सहसा आत जात नाही, पण माझा हातही जात नाही ना! यासाठी खास हत्यार असतं म्हणे. मागवलंय. यान यायला सात महिने."

शाल्मली चाकापाशी मांडी घालून बसली. तिने स्प्रिंगचं एक टोक पुन्हा शूमध्ये अडकवलं. दुसऱ्या टोकाची आकडी जाड खुंटीवर बसायला हवी होती, आणि ती दोन बोटं कमी पडत होती. बाहेर धूळ कशी तरंगत होती! ती बघता बघता तिला सकाळची गडबड आठवली. धाकट्या भावाचा बूट कितीही ओढला तरी चढत नव्हता. मग तिने टाचेमागे चमच्याचा दांडा घातला आणि टाच त्यावरून सुळकन आत घसरली.

"आत्या, स्प्रिंगला ओढायचंच नाही! तिला घसरू द्यायचं!"

आत्याने लगेच हातभर लांबीची पोलादी कांब काढली. ठोंब्याने कांबीच्या टोकाला खुंटीवर टेकेल अशी छोटी खाच घासून दिली. शाल्मलीने आकडी कांबीवर अडकवली, खाच खुंटीवर टेकवली आणि कांब हळूहळू उभी करू लागली.

"ही झाली तरफ (टेकूवर फिरणारा दांडा)," आत्या कुजबुजली. "दांडा लांब, म्हणून तुझा थोडासा जोर टोकाशी कितीतरी पटींनी वाढतो."

स्प्रिंग ताणली. शाल्मलीने कांब आणखी रेटली. आकडी कांबीवरून खाली सरकली आणि खट्‌! खुंटीवर जाऊन बसली.

"माझ्यात बळ होतं," ठोंब्या विचार करत म्हणाला. "टेकू नव्हता."

चाक बंद झालं आणि रिकामी गाडी आपली आपण चालत कड्यावर गेली. मंगळावर सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळसर उजेड पसरतो. त्या निळाईत गाडीचा दिवा उतरणीला लागलेला दिसला. पहिल्या वळणावर तो थांबला. दिवा पुन्हा हलला, दुसऱ्या वळणावर थांबला, पुन्हा हलला.

रेडिओ खरखरला. "शालू, ब्रेक नवा बसवलात का गं? गाडी लोण्यासारखी थांबतेय!" बाबांचा आवाज होता.

"स्प्रिंग मी बसवली, बाबा!"

"तू? कशी?"

"घरी या, दाखवते. आणि बाबा, खाणीत न उघडणारं, न बसणारं असं आणखी काय काय आहे, ते येताना आठवून ठेवा."