हिवाळ्याचं झाकण

आधी मूर्खपणा कबूल केलेला बरा, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहतं. तर चूक हवावालीचीच होती, आणि त्या चुकीचं कारण म्हणजे तिचे गुडघे.

हवावाली म्हणजे हवा बघणारी बाई. नोकरीच तशी. चहूकडे डोंगर आणि मधे बशीसारखी शेतं, असा तो खोलगट भाग. उन्हाळ्यात तिथून वारा सुसाट जायचा, पावसाळ्यात सगळं धुऊन निघायचं. हिवाळ्यात मात्र गार हवा तळाशी बसायची आणि वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी घट्ट. म्हणून कापणीनंतरची धसकटं जाळण्याआधी हवावालीने तळाशी उतरायचं, मूठभर ओला पेंढा पेटवायचा आणि धुराकडे बघायचं. धूर डोंगरापलीकडे गेला तर शेतकऱ्यांना फोन : पेटवा. मधेच आडवा पसरला तर : आज नाही.

त्या सकाळी गुडघे कुरकुरत होते. तिने पेंढा वर खिंडीतच पेटवला. धूर कसा सुतासारखा सरळ गेला. जाणारच, बाईसाहेब झाकणाच्या वर उभ्या होत्या ना.

"पेटवा," तिने कळवून टाकलं.

दुपारपर्यंत बशी काठोकाठ भरली. आणि तळाशी एकट्या राहत होत्या तिच्या नणंदबाई, दम्याच्या.

धुरात रस्ता दिसेना, तेव्हा गाडी अर्ध्यात सोडून ती कुंपणाची तार धरत घरापर्यंत पोचली. आत शिरून दार लावलं, फटीत ओली फडकी कोंबली.

"आलीस?" खाटेवरून वन्सं म्हणाल्या. "परवानगी तुझीच ना?"

"माझीच."

"वाटलंच. गुडघे कसे आहेत?"

उत्तर द्यायला गेली तर हवावालीला ढास लागली. ती थांबली, तसं बाहेर, भिंतीला अगदी लागून, कुणीतरी खोकलं.

"अहो, कोण आहे? आत या ना..." ती दाराकडे सरकली.

"उघडू नकोस." वन्संचा आवाज खाली आला. "सुतार आहे तो."

"सुतार? तो तर गेल्या हिवाळ्यात..."

"हो. धुरानेच."

मागच्या बाजूने आणखी एक खोकला आला, बारीक आणि कोरडा.

"शाळेतली बाई," वन्सं म्हणाल्या. "पावसात धुऊन जातात गं. उन्हाळ्यात वारा नेतो. हिवाळ्यात बसून राहतात. जाणार कुठे?"

खिडकीची काच पिवळी होती, ती तपकिरी झाली. ओल्या राखेचा वास घशात उतरला. आणि काचेवर बाहेरून श्वासाचा एक गोल उमटला... विरला... पुन्हा उमटला. खाली, लहान मुलाच्या उंचीवर, दुसरा.

वन्संनी दम्याचा पंप दाबला. नुसतंच टक् वाजलं. पंप संपला होता. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते.

आत थांबलं तर संध्याकाळी भिंतीबाहेर एक खोकला वाढणार, हे हवावालीला कुणी सांगायला नको होतं. तिने दोघींच्या तोंडाला ओला पदर गुंडाळला, वन्संना पाठुंगळी घेतलं आणि दार उघडलं. गुडघ्यांना कुणी विचारलं नाही.

तार धरून चढायचं, एवढंच. ती खोकली की आजूबाजूचे सगळे खोकायचे, तिच्याच लयीत, कानाशी. हाताला तारेवर दुसरे हात लागत होते. थंड, आणि तेही वरच निघालेले. एकदा ती कोलमडली. क्षणभर काहीच नव्हतं, ना आवाज, ना श्वास. मग पुन्हा तार सापडली.

खिंडीत लख्ख ऊन होतं. वन्सं दगडावर बसून घोटाघोटाने हवा पीत राहिल्या. हळूहळू ओठांवर रंग आला. खाली तपकिरी धूर गच्च, हलत नव्हता.

"सुटलो बाई," हवावाली म्हणाली. छाती कशी हलकी झाली होती, अगदी रिकामी. "बघा वन्सं, माझा खोकलासुद्धा थांबला."

वन्संनी खाली कान दिला. धुरातून सुतार खोकला. मग शाळेतली बाई. मग आणखी कुणीतरी, बराच वेळ.

"थांबला कुठे," वन्सं म्हणाल्या. "खाली खोकतेयस की."