फटफटीचा टिळा

रविवारी सकाळी आठाच्या ठोक्याला आमची फटफटी मोखाड्याच्या माळावर उभी असायला हवी होती. आणि माझ्या भाच्याने तिच्यावर बसून डोंगरशर्यत पुरी करायला हवी होती. जिंकायचीसुद्धा गरज नव्हती, नुसती पुरी करायची! तेवढ्यासाठी शुक्रवारी उजाडता उजाडता आम्ही तिघांनी जव्हार सोडलं. मी वामन मिस्त्री, संस्थानच्या मोटारखान्यातला. माझ्या सकूताईचा मुलगा जिव्या. आणि जंगलातून वाट दाखवायला ढवळू.

जिव्या चोवीस वर्षांचा. संस्थानच्या पागेत स्वार होता, टपालाची पिशवी पाठीला बांधून डोंगर तुडवायचा. त्या साली, म्हणजे एकोणीसशे सत्तावीसला, पागा मोडली. घोडे गेले, स्वार घरी बसले. कारभाऱ्यांनी जिव्यापुरतं एक दार उघडं ठेवलं. म्हणाले, "नाशिककडचे साहेबलोक मोखाड्याला फटफट्यांची शर्यत लावताहेत. आपली गाडी घेऊन ती पुरी करून दाखव, मोटारखान्यात ड्रायव्हर म्हणून घेतो. नाही जमलं तर बाहेरचा माणूस आणू." निघायच्या आदल्या दिवशी ताई मला म्हणाली, "वामन, पोराचं सगळं आता तुझ्या हातात आहे." आणि मी मूर्ख! मला त्या बोलण्याची भीती वाटायला हवी होती, पण माझी छातीच फुगली.

गाडी विलायती, एका सिलिंडरची. शर्यतीसाठी मी तिला पार सोलून काढली होती. चिखलपत्रे काढले, पुढचा दिवा काढला, मागचं कॅरिअर काढलं. मागच्या चाकाला जास्त दात्यांचं चक्र बसवलं, म्हणजे चढाला जोर येतो. साखळी बोटभर खालीवर हलेल एवढी ढिली ठेवली. टायरमधली हवा थोडी उतरवली, नाहीतर दगडावर गाडी चेंडूसारखी उसळते. सगळ्या संस्थानात हे काम येणारा मी एकटा, आणि हे मी दिवसातून चार वेळा लोकांना ऐकवायचो.

गाडीरस्ता पावसात दोन ठिकाणी खचून दरीत गेला होता. म्हणून सागाच्या जंगलातून खाली नदीपर्यंत उतरायचं, नदी ओलांडायची आणि पलीकडचा चढ चढून मोखाड्याचा माळ गाठायचा, असं ठरलं. गवत डोक्याच्या वर गेलेलं, वाट एका पायाची, दगड सुटे. ढवळू कोयत्याने फांद्या तोडत पुढे, जिव्या गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला लावत मधे, आणि मी हत्यारांची थैली व पेट्रोलचा डबा घेऊन मागे. आवाजाने माकडं पळत होती. ढवळू मागे वळून हसायचा, "मिस्त्री, वाघ पन जिल्हा सोडून जाल आज!"

पहिला मैल छान गेला. मग गाडीने दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

मी टाकीचं झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल भरपूर. म्हटलं, प्लग काजळला असणार. काढला, घासला, बसवला. जिव्याने लाथ मारली, गाडी सुरू! "बघ," मी म्हटलं, "ह्याला कारागिरी म्हणतात."

अर्ध्या तासाने पुन्हा बंद! पुन्हा झाकण उघडलं, पेट्रोल आहेच. कार्बुरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, सोडलं, तोंडाने फुंकलं, बसवलं. सुरू! तिसऱ्या वेळी टाकी पाहून झाल्यावर ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या टोकांमधली फट नखाएवढी कमी केली. सुरू! चौथ्या वेळीही टाकी पाहिली आणि ती फट पुन्हा होती तेवढी केली. तरीही सुरू! जे करावं त्याने गाडी सुरू होते आणि जे करावं त्याने ती बंद पडते, तर ह्या आजाराला नाव काय द्यायचं?

"मामा," जिव्या हळूच म्हणाला, "बंद पडायच्या आधी हिला धाप लागते. दमलेल्या घोड्यासारखी."

"हा घोडा नाही!" मी खेकसलो. "लगाम धरणाऱ्यांनी लगाम धरावा. यंत्रातलं मला शिकवू नकोस."

पोर गरीब, उलट बोलायचं नाही.

त्या दिवशी जेमतेम चार मैल झाले. मुक्काम एका खडकाच्या आडोशाला केला. शनिवारी सकाळी आंघोळ उरकून मी नेहमीप्रमाणे गाडीला गंध-कुंकवाचा टिळा लावला, चांगला ठसठशीत लावला. हत्याराला हात जोडल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. त्या सकाळी तर मी तिला अक्षरशः विनवलं, बाई गं, आजचा दिवस चाल!

नदीकडे उतरणाऱ्या घळीत ती अशी बंद पडली की विचारू नका. पेट्रोल मी नुकतंच डब्यातून भरलं होतं, त्यामुळे ह्या खेपेला टाकीत डोकवायचं कारण नव्हतं. प्लग बदलला. नाही! जेट बदललं. नाही! मॅग्नेटो उघडला, पुसला, लावला. नाही! जिव्या लाथा मारून मारून घामाने निथळला. मी चार वेळा सगळं सोडलं आणि चार वेळा जोडलं. ऊन डोक्यावर आलं. घामेजलेल्या बोटांतून एक इस्क्रू निसटून गवतात पडला, तो शोधताना मला रडू फुटलं. होय, रडू! सत्तेचाळीस वर्षांचा माणूस गवतात रांगत होता आणि भाचा दुसरीकडे तोंड करून उभा होता, मला लाज वाटू नये म्हणून.

"मामा, उचलून नेऊ," तो म्हणाला. "वर माळावर गेल्यावर बघू."

दुसरा उपाय मलाही सुचत नव्हता. ढवळूने एक जाड बांबू तोडला. पळसाच्या मुळांचा दोर वळून फटफटी त्याला झोळीसारखी टांगली. पुढे ढवळू, मागे जिव्या, आणि मी बाजूने तोल सावरायला. नदी पाऊस संपून दोन आठवडे झाले तरी मांडीपर्यंत वाहत होती.

"तठं नको मिस्त्री, तठं खोल हाय. माझ्या मांगं चाला!" ढवळू ओरडला.

मधोमध आलो. पाण्याचा जोर पायांना ओढत होता. दोर ओला होऊन सरकला. गाडीचं तोंड खाली झुकलं. "धरा!" जिव्या किंचाळला. मी झेप घेतली. हात हँडलला लागला आणि सुटला! फटफटीचं पुढचं चाक धाडकन खडकावर आपटलं. मी पाण्यात पडलो, नाकातोंडात पाणी गेलं. ढवळूने एका हाताने बांबू आणि दुसऱ्या हाताने माझी शेंडी पकडली, म्हणून मी आज हे सांगतोय.

पलीकडच्या काठावर आम्ही ओल्या चिंध्यांसारखे पडून राहिलो. समोर ढवळूच्या बहिणीचा पाडा. तिचं नाव चैती. नाचणीच्या शेतातून ती पाण्याचा वाळका भोपळा घेऊन आली आणि आमची दशा बघून पदराआड हसली. मी ओंजळ पुढे केली. तिने भोपळा उपडा केला, थोडं पाणी आलं आणि थांबलं.

"आदी हात धुव," ती म्हणाली. "कवडा काळा हाय."

मी हात चोळले. पाणी पुन्हा आलं. पुन्हा थांबलं. तिची गंमत चालली होती. मी निरखून पाहिलं. भोपळ्याच्या पाठीवर एक बारीक भोक होतं, त्यावर तिचा अंगठा. अंगठा ठेवला की पाणी बंद, उचलला की चालू.

"हे कसं गं?" मी विचारलं.

"वारा आत नाय गेला तं पानी भायेर कसा येल?" चैती म्हणाली. मिस्त्री असून एवढंही ठाऊक नाही, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी तसाच उठलो आणि गाडीकडे धावलो. टाकीच्या झाकणाला मधोमध एक सुईएवढं भोक असतं, हवा आत जाण्यासाठी. पेट्रोल खाली उतरतं तसतशी वरून हवा आत यावी लागते. ते भोक दिसतच नव्हतं! त्यावर माझ्या हातचा टिळा होता, नदीनेही पुरता न धुतलेला, गंधाचा वाळून दगड झालेला थर! एरवी मी टिळा पुढच्या दिव्यावर लावायचो. दिवा शर्यतीसाठी काढला, म्हणून गेले चार दिवस तो झाकणावर लावत होतो. आणि बंद पडल्यावर मी झाकण उघडायचो, हवा आत जायची, गाडी सुरू व्हायची, आणि श्रेय मी प्लगला द्यायचो!

जिव्या बरोबर बोलला होता. तिला धापच लागत होती. मी तिचं नाक दाबून धरलं होतं.

काटा घेऊन भोक मोकळं केलं, प्लग आणि कार्बुरेटरमधलं पाणी काढलं. तासाभरात मॅग्नेटो उन्हाने सुकला. जिव्याने लाथ मारली. पहिल्याच लाथेला गाडी अशी गरजली की चैतीचा भोपळा हातातून पडला! जिव्या हसत सुटला. पागा मोडल्यापासून तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. मोखाड्याचा सगळा चढ त्याने गाडीवर बसून काढला, दगडांवरून तिला अशी खेळवत की मागून पळणारा ढवळू "हाय रं हाय!" करत राहिला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पोराला नोकरी मिळणार होती.

संध्याकाळी माळावर पोचल्यावर मी चिखल पुसायला बसलो. पुढच्या चाकाचा चिमटा, म्हणजे चाक धरून ठेवणारे दोन लोखंडी पाय, त्यातल्या डाव्या पायावर फडकं अडकलं. केसासारखी एक रेघ होती. नख लावलं, नख आत गेलं. खडकावर आपटलेली जागा.

मी आजूबाजूला पाहिलं. जिव्या पाणी आणायला गेला होता. हे जोडायचं तर मोठी भट्टी हवी, बरोबर माप हवं, दोन दिवस हवेत. मोखाड्याचा लोहार विळे-कोयते करणारा. मी काय केलं? तारेचे दहा वेढे घट्ट आवळले, वरून कापडाची पट्टी गुंडाळली आणि म्हटलं, पकडेल. पकडेल की! सपाटीला पकडेलही. पण शर्यतीचा उतार मी माळावर येताना पाहिला होता. तिथे चाक निखळलं तर माणूस उरत नाही.

सकाळ झाली. सहा फटफट्या ओळीने उभ्या राहिल्या. पाच साहेबांच्या, एक आमची. गावातून, पाड्यांतून माणसं जमली. जिव्याने पटका करकचून बांधला. झेंडी हातात घेतलेला साहेब घड्याळ बघू लागला. मी त्या कापडाच्या पट्टीकडे बघत होतो. बोललो तर पोराची भाकर जाते, नाही बोललो तर पोर जातं.

मी ओळीत घुसलो आणि हँडल धरलं.

"उतर."

"मामा, हात काढा!"

"उतर म्हणतो ना! चिमट्याला चीर आहे. माझ्या हाताने पट्टी बांधलीय."

तो उतरला नाही. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मामा, पागा गेली. हेही गेलं तर मी कुठे जाऊ?"

मी वाकलो, प्लगची तार उपटली आणि लांब गवतात फेकून दिली. त्याच क्षणी झेंडी पडली! पाच गाड्या गर्जना करत सुटल्या, धूळ उडाली, लोक ओरडले. आमची जागच्या जागी उभी.

जिव्याने मला असं ढकललं की मी पाठीवर आपटलो. मग त्याने उतरून, दात खाऊन, सगळा राग काढत पुढच्या चाकाला एकच लाथ हाणली. कट्! चिमटा तुटला, चाक आडवं झालं आणि गाडी गुडघे टेकल्यासारखी पुढे कोसळली. एका लाथेत!

ढवळू पुढे येऊन वाकला, तुटलेल्या टोकावरून बोट फिरवलं आणि मागे सरला.

जिव्या धुळीत बसला. मीही त्याच्याजवळ सरकत गेलो. मी कारभाऱ्यांना सांगेन, दोष माझा, टिळा माझा, असं काहीबाही मी पुटपुटत होतो. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. कारभारी काय म्हणतील ते त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

"मामा," तो म्हणाला, "ती चीर मी काल संध्याकाळीच पाहिली होती. पाणी घेऊन आलो ना, तेव्हा. तुम्ही तार आवळत होता."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही मला बसू दिलं नसतं."

मी त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि तो सोडवून घेईना, म्हणून तसाच धरून बसलो.