तेरच्या सहलीला सोबत कोण?

मावशीला तुळजापूरच्या गाडीत बसवून वळले, तर समोर मार्तंडसर! मी शिकवते त्याच शाळेत इतिहास शिकवतात. हसले की गालाला खळी पडते आणि मग मला काही म्हणता काही सुचत नाही. आज मात्र ते हसत होते प्रेमलाशी. प्रेमला आमच्याच शाळेत शिवण शिकवते, आमच्या शेजारीच राहते.

"रविवारी शिक्षकांची सहल काढतोय, तेरला," सर म्हणाले. "विटांचं जुनं बौद्ध चैत्य आहे तिथं... आता त्यात त्रिविक्रमाचं देऊळ. प्रेमलाबाई नको म्हणतायत. मी गळ घालतोय."

"व्हय का? घाला की!" मी फणकारले.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला कुणी गळ घातली नव्हती!

संध्याकाळी मी प्रेमलाला गाठलं. "जा बाई खुशाल. त्या विटांत विंचू लई आहेत म्हणे."

"अगं बया!" प्रेमलानं कानाला हात लावले. "मी न्हाय येत."

मी खुशीत घरी आले. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "प्रेमला नाही? मग तूही नाही. सोबतीशिवाय एवढ्या लांब पाठवायची नाही मी."

घ्या! आपल्याच हातानं पायावर धोंडा.

दुसऱ्या दिवशी सरांचा चेहरा उतरलेला. मला आणखीच झोंबलं.

"प्रेमलाबाई येत नाहीत म्हणून एवढं वाईट वाटतंय?"

"वाटणारच. त्या आल्या तरच तुम्हाला पाठवीन, असं मी विचारलं तेव्हा तुमच्या आई म्हणाल्या होत्या. तुमच्यासाठी चाललं होतं सगळं... नीलाबाई."

माझ्या तोंडून निघूनच गेलं — "विंचवांचं मीच सांगितलं तिला! तुम्ही तिच्याशी हसता, ते मला बघवत न्हाय!"

सर हसले. मग गालाला ती खळी पडली... आणि या वेळी माझ्यासाठी.

संध्याकाळी ते थेट आमच्या घरी. आई ठाम होती. "सोबत नाही, तर पोरगी नाही, मास्तर."

"मी आहे की सोबतीला, काकू."

"परक्या पुरुषाची कसली सोबत?"

"तेच सांगायला आलोय," सर म्हणाले. "मला परकं राहायचं नाही."

आईनं चहाची बशी खाली ठेवली. मला कुठला धीर! स्वयंपाकघरातून मी ओरडले,

"आई, व्हय म्हण! पण साखरपुड्यात त्या प्रेमलाला यांच्या जवळपास बसवायचं न्हाय!"