कोटाच्या आतलं कापड

पुतळा घेऊन बसमध्ये चढू नये, असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर ड्रायव्हरबाईंनी त्या माणसाला पहिल्या पायरीवरूनच परत पाठवलं असतं आणि ही गोष्ट घडलीच नसती!

बाहेर भुरभुर पाऊस. आणि हा गडी एका बिनडोक्याच्या, बिनहाताच्या पुतळ्याला कमरेत धरून धापा टाकत आत आला.

"दोन तिकिटं," आरशावरची नजर न हटवता ती म्हणाली.

"दोन? अहो, हिला तर डोकंसुद्धा नाही."

"डोकं नसलेले पुष्कळ जण रोज तिकीट काढून जातात. जागा अडवतेय ना ती?"

मागची माणसं हसली. तोही हसला, आणि त्याने मुकाट्याने दोन तिकिटं घेतली. पुतळ्याला खिडकीपाशी बसवून तो स्वतः ड्रायव्हरबाईंच्या सीटमागे दांडा धरून उभा राहिला. सिग्नल लागला तसा खाकरला.

"रागावणार नसाल तर... एक बोलू?"

"बोला. रागवायचं की नाही ते मग ठरवू."

"हा कोट तुम्ही घातलेला नाही. कोटाने तुम्हाला घातलंय."

दुसरं कोणी असतं तर तिने पुढच्याच स्टॉपला उतरवलं असतं. पण माणूस खरं बोलत होता. गणवेशाचा तो निळा कोट तिच्या खांद्यांवरून असा ओघळत होता, की गिअर टाकताना बाही आधी पोहोचायची आणि हात मागून. "टेलर आहे मी," तो घाईघाईने म्हणाला. "पुढच्या चौकात दुकान आहे. माझ्यासमोर असा कोट गेला की दिवसभर चैन पडत नाही हो!"

कोट सैल होण्यामागे कारण होतं, आणि त्या कारणाची तिला काडीचीही लाज नव्हती. डेपोत तिला 'डबल डेकर' म्हणायचे; तोंडावर लाडाने, पाठीमागे वेगळ्याच सुरात. कॉलेजात होती तेव्हापासून पीसीओएस. पाळी मनाला येईल तेव्हा यायची, नाहीतर सहा-सहा महिने फिरकायची नाही. हनुवटीवर राठ केस, ते लपवायला बोलताना हात कायम तिथे, मानेवर काळपट पट्टा, रक्तातली साखर काठावर. उपाशी राहून झालं, पळून झालं, काढे पिऊन झालं. वजन चार दिवस रुसून जायचं आणि पाहुणे घेऊन परत यायचं. शेवटी एका डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं, "हा तुमचा आळस नाही, आजार आहे. जठर लहान करायचं ऑपरेशन केलं तर वजन उतरेल आणि यातल्या बऱ्याच तक्रारी निवळतील. पण जादू समजू नका. हनुवटीचे केस हट्टी असतात. आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील." तिने विचार केला, आईशी भांडली आणि सही केली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात एका पहाटे, गाडी काढायच्या आधी, तिने डेपोच्या बाथरूममधून आईला फोन लावला. "आई, आली!"

"कोण आली एवढ्या सकाळी?"

"पाळी गं! गोळीबिळी काही न घेता. आपली आपण!"

पलीकडे आई रडायलाच लागली. इकडे ही मोठमोठ्याने हसत होती, आणि बाहेर दोन ड्रायव्हर एकमेकांकडे बघत उभे होते. त्या दिवशी तिने गाडी अशी चालवली, जशी काही बसला झालर लावलीय.

तर ती टेलरकडे गेली. नवा कोट वर्षअखेरीशिवाय मिळणार नव्हता, आणि हा कोट तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचा होता. तो परका करायला ती तयार नव्हती.

"पोट आत ओढू नका," टेप धरून तो म्हणाला. "श्वास सोडा. कोट तुमच्यासाठी आहे, तुम्ही कोटासाठी नाही."

आजवर तिची मापं घेताना सगळ्यांनी 'अरे बापरे' तरी म्हटलं होतं, नाहीतर गप्प राहून आकडा लिहिला होता. हा मात्र गुणगुणत होता. तिला आवडलं ते... आता नाकारायचं कशाला!

दर महिन्याला कोट सैल व्हायचा आणि दर महिन्याला ती यायची. खरं तर एकदा तो सैल झालाच नव्हता, तरी आली. दोघं दुकानातच डबा खायचे. त्याचा डबा पाच मिनिटांत चट्टामट्टा. तिचा म्हणजे एक अंडं आणि वाटीभर सूप, तेही चमच्या-चमच्याने, चावून चावून.

"पाणी देऊ?"

"जेवताना नाही चालत. पोट मुठीएवढं राहिलंय माझं." मग तिने सगळं सांगून टाकलं. पाळीपासून पोटावरच्या पाच बारीक खुणांपर्यंत.

त्याने ऐकलं. मग तिच्या कॉलरवरचा एक लांब केस अलगद उचलला. "हा तुमचा?"

"राहू द्या तुम्हाला. सध्या वाटत सुटलेय! वजन झपाट्याने उतरलं की गळतात म्हणे, मग पुन्हा येतात. गंमत बघा, डोक्यावरचे जायला टपलेत आणि हनुवटीवरचे हलायला तयार नाहीत. पण तेही आता दमानं उगवतात."

"म्हणून हल्ली हनुवटीवरचा हात काढलात होय?"

ती दचकली. अगं बाई... हे याने पाहिलं होतं? गाल तापले, आणि चमचा सुपातच राहिला.

घरी आईने कपाळाला हात लावला. "सांगितलंस कशाला? चालून चालून बारीक झाले म्हणायचं."

"मी काय चोरी केलीय, आई?"

सगळं छान चाललं होतं, आणि एका संध्याकाळी कोटाची शिवण कमरेला टोचली. तिने तो उलटा केला. आत, दोन्ही बाजूंना, कापड न कापता घडी घालून नीट टाचून ठेवलेलं होतं. आधीच्या प्रत्येक मापाची माया तशीच शाबूत!

दुसऱ्या दिवशी ती तडक दुकानात. "हे काय आहे?"

"शिवणीतलं कापड. असू दे ना, पुढेमागे लागलं तर..."

जगातला प्रत्येक टेलर प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच वाक्य म्हणतो. याच्याही तोंडातून ते सवयीने निघालं, आणि घात झाला.

"पुढेमागे? म्हणजे मी परत फुगणार! डेपोत हेच बोलतात सगळे. मला वाटलं होतं, तुम्ही तरी..." तिने कोट काउंटरवर टाकला. "कापा ते. नाही कापलंत तर कोट तुम्हालाच लखलाभ!"

ती गेली. त्याच्या हातातली टेप तशीच लोंबत राहिली.

दोन आठवडे ती कोटाशिवाय फिरली. रोज त्याच्या चौकातून गाडी न्यायची आणि दुकानाकडे मुद्दाम बघायची नाही. न बघणं काय सोपं असतं? मान अवघडून गेली तिची. त्यात डेपोत सत्काराचा दिवस उजाडला. दहा वर्षं, एकही अपघात नाही. बिल्ला कोटावरच लावायचा असतो, आणि कोट तिकडे अडकलेला. मागून आणायचा? जीव गेला तरी नाही!

त्या सकाळी चौकातल्या स्टॉपवर दार उघडलं आणि तो चढला. कमरेत तोच पुतळा, आणि पुतळ्याच्या अंगात तिचा कोट, कडक इस्त्रीचा.

"दोन तिकिटं," या वेळी तोच म्हणाला. "शेवटच्या स्टॉपपर्यंत."

शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. त्याने कोट तिच्या हातात दिला आणि वर आपली कात्री ठेवली.

"मी नाही कापलं. पहिल्या दिवशी हा उलटा केला ना, तेव्हा बघितलं... स्टिअरिंग फिरवून फिरवून झिजलेलं, मऊ पडलेलं कापड. कोणीतरी जीव लावून राबलंय यात. ते केरात टाकायला माझा हात होईना. तुम्हाला नको असेल तर तुम्ही कापा."

तिने कात्रीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "नीट ऐका. वजन थोडंफार परत वाढेल, डॉक्टरांनीच सांगितलंय. पीसीओएस मुळातून जात नाही. मूल होण्याची शक्यता वाढलीय म्हणतात, पण शब्द कोणी देत नाही."

"ऐकलं."

"एवढंच?"

"मला तुम्ही आवडता. तुमचं माप काय, ते... दर महिन्याला नव्याने घेईन."

तिने कात्री खिशात घातली, कोट अंगावर चढवला आणि गाडी सुरू केली. "दुपारी डेपोत या," एवढंच म्हणाली, तेही आरशात बघून.

डेपोत साहेबांनी बिल्ला लावला, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, पण आमची डबल डेकर कुठे गेली?"

खसखस पिकली. तिचा हात खिशातल्या कात्रीकडे गेला... आणि तिथेच थांबला. दहा वर्षं, पहाटेच्या थंडीत, दुखऱ्या गुडघ्यांनी, महिनोन् महिने न येणाऱ्या पाळीची काळजी पोटात घेऊन ही गाडी कोणी चालवली होती? त्या बाईला ती आज दाराबाहेर काढणार होती?

तिने कोटाचं बटण काढलं आणि आतली बाजू सगळ्यांसमोर धरली. घडी घातलेलं, टाचलेलं निळं कापड.

"ही काय, इथे आहे. हा बिल्ला तिचा आहे. मी आजारावर ऑपरेशन केलं, तिच्यावर नाही."

हसू विरलं. मग त्याच ओरडणाऱ्याने पहिली टाळी वाजवली.

दारापाशी तो उभा होता, रिकाम्या पुतळ्याचा खांदा धरून. डोळे पुसत होता वेडा. ती सगळ्यांमधून वाट काढत त्याच्यापुढे आली आणि कात्री त्याच्या हातात ठेवली.

"ही घे तुझी. मला नको."

'तुझी' ऐकून तो पुरता गडबडला. "मग... तुला... काय हवंय?"

"सोबत. जेवायला मला फार वेळ लागतो हं. थांबशील?"

"अगं, गेल्या महिन्यापासून मीसुद्धा चावून चावून खातोय," तो म्हणाला. "घरचे म्हणतात, याला झालंय तरी काय!"